कवायत, तालीम आणि पोलीस

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या वाटेवरील भोसरी आज कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु जुन्या माणसांच्या बोलण्यांत तें अजून पैलवानांचें गांव आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालें आणि भोसरीचा बंदोबस्त त्याच्याकडे आला. तालीम आणि पोलीस ठाणें या दोन संस्था येथें शेजारीं नांदतात. त्यांचें नातें मात्र बरेंच जुनें आहे.

आपल्याकडे अंगमेहनतीचे दोन प्रवाह आढळतात. जोर, बैठका, मलखांब व कुस्ती यांचा पहिला प्रवाह गांवोगांवच्या तालमींतून वाहत आला. त्यांत वस्ताद एकेका शागिर्दाचें शरीर पारखून घडवितो. दुसरा प्रवाह कवायतीचा. तो इंग्रजी पलटणींबरोबर आला. अनेकांनीं एका हुकुमासरशीं हालावें, हा त्याचा हेतु. १९०२-०३ सालच्या फ्रेझर कमिशननें पोलिसांच्या शिक्षणावर भर दिला. मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्यें पुण्याहून नाशिकास गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. तेथील शिस्त अर्थातच कवायतीची होती.

हे दोन्ही प्रवाह एका पुरुषाच्या ठायीं एकत्र आलेले दिसतात. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव वडिलांच्या तालमींत वाढले आणि १९५२ मध्यें हेलसिंकी येथें त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्यें ते फौजदार म्हणून पोलीस खात्यांत शिरले. खात्याच्या स्पर्धा त्यांनीं जिंकल्या, इतरांस शिकविलें, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. परंतु खाशाबांची काया तालमींतच घडली होती. खात्याला ती आयती मिळाली.

सामान्य शिपायाची गोष्ट निराळी आहे. भरतीच्या वेळीं पुरुष उमेदवारास किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. १६०० मीटर धांव, १०० मीटर धांव आणि गोळाफेक मिळून ५० गुणांची परीक्षा होते. स्त्रियांस लांब धांव ८०० मीटरांची असते. ही कसोटी एका सकाळची. नोकरी मात्र तीस वर्षांची. अवेळीं जेवण, तुटक झोंप आणि तासन्‌तास उभें राहणें यांनीं कमावलेलें शरीर हळूहळू ढासळतें. त्यास केवळ आळस म्हणणें अन्यायाचें होईल.

येथें भोसरीचेंच उदाहरण बोलकें आहे. १९४८ च्या कायद्यानें कारखान्यांतील प्रौढ कामगाराचें काम सामान्यतः आठवड्यास ४८ तासांपुरतें मर्यादित केलें. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर बंदोबस्तास उभ्या असलेल्या शिपायास मात्र हा कायदा लागू नाहीं. मे २०१६ मध्यें मुंबईच्या देवनार ठाण्यांत, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या कारकीर्दींत, आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची आंखणी त्याच ठाण्यांतील एका शिपायानें केली होती. शरीर राखावयाचें तर प्रथम वेळ हाताशीं पाहिजे, हें त्यानें अनुभवानें ओळखलें होतें.

वस्ताद शागिर्दाची परीक्षा एकदांच घेऊन थांबत नाहीं; रोज पहाटे त्यास आखाड्यांत उतरवितो, आणि विश्रांति व खुराक यांचीहि चौकशी करतो. पोलिसाचा व्यायाम नोकरीच्या तासांतच धरला गेला, तर तालमीची ही रीत खात्यांत रुजेल आणि भरतीच्या दिवशीं मोजलेली छाती निवृत्तीपर्यंत टिकण्याची आशा धरतां येईल.