'मानभावी' : एका शिवीची जन्मकथा

आपल्या एका सभेत एक पोरगा तावातावानं बोलत होता. पुढाऱ्यांची सोंगं एकेक करून उघडी पाडत होता. बोलता बोलता म्हणाला, ''ह्या मानभावी लोकांच्या नादी लागू नका.'' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. कुणाची शिवी आपण कुणाला देतो आहोत?

खोट्या देखाव्याला मराठीत शब्दांचा तोटा नाही. सोंग, ढोंग, देखावा, बतावणी, दंभ, भोंदूगिरी, पाखंड, मानभावीपणा. कोशात हे सगळे एका ओळीत मांडीला मांडी लावून बसतात. पण ते सारखे नाहीत. बहुरूपी सोंग आणतो ते त्यालाही ठाऊक असतं आणि बघणाऱ्यालाही. त्यात फसवणूक नाही, पोटाचा धंदा आहे. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण रिकाम्या खिशातूनच निघालेली. ढोंगाचं तसं नाही. ढोंग करणाऱ्याला ठाऊक असतं, बघणारा फसतो. देखाव्याला खर्च येतो, म्हणून तो लग्नात दिसतो आणि निवडणुकीत. हे शब्द माणूस काय करतो ते सांगतात. पाखंड आणि मानभावी हे दोन मात्र निराळे. ही मुळात माणसांची नावं आहेत.

आधी पाखंड घ्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द येतो. तिथं त्याचा अर्थ पंथ, एवढाच. बाराव्या शिलालेखात अशोक सांगतो की आपल्या पंथाची फाजील स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. पुढं वेद न मानणारा तो पाखंडी झाला, आणि पाखंडी म्हंजे ढोंगी झाला. अशोकाची स्वतःची पदवी 'देवानांप्रिय'. संस्कृत पंडितांनी तिचा अर्थ केला मूर्ख. ज्यांनी वेद नाकारला त्यांची पदवीसुद्धा सोडली नाही.

आता मानभावी. मूळ शब्द महानुभाव. ज्याचा अनुभव थोर तो महानुभाव. लोकांच्या तोंडी त्याचा मानभाव झाला. ही गोष्ट आपल्या बेलापुराशी येऊन भिडते. बेलापूर म्हंजे प्रवरेकाठचं जुनं गाव, श्रीरामपूर तालुका, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. श्रीचक्रधरस्वामींच्या अखेरच्या दिवसांत हे गाव येतं. पंथाची परंपरा सांगते की इथला मुक्काम झाला आणि स्वामी उत्तरापंथे निघून गेले. साल १२७४ च्या सुमाराचं. काही अभ्यासकांचं म्हणणं निराळं आहे. यादवांच्या दरबारी मंडळींनी त्यांना ठार मारलं असं ते म्हणतात. पंथाला ते मान्य नाही.

त्यांच्यावर कुणाचा डोळा होता ते पाहा. यादवांचा मंत्री हेमाद्री. त्याचा ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणी'. त्यात व्रतं, दानं, श्राद्धं यांचा डोंगर रचलेला. चक्रधर सांगत होते की ह्या देवतांच्या मागं लागू नका. बाईचा विटाळ ते मानत नव्हते. नाकाला शेंबूड येतो तसा तो शरीराचा धर्म, असं त्यांचं सांगणं. बायकांना संन्यास दिला. बोलणं मराठीत. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी तर संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला अडवलं, कारण त्यानं पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या गेल्या असत्या. सराळ्याच्या म्हाइंभटानं लीळाचरित्र लिहिलं तेही मराठी गद्यात. व्रत आणि श्राद्ध गेलं की दक्षिणा गेली. मग राग येणारच.

माणूस गेला, पंथ उरला. मग पंथाच्या नावावर घाव सुरू झाले. म्हण झाली : 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची'. ही म्हण नीट ऐका. एका दगडात दोन जण मारलेत, खाटीक आणि मानभाव. पण तिच्यातच साक्षही आहे. मानभावाचं बोलणं मऊ होतं, जीवहत्या त्याला वर्ज्य होती, हे म्हण करणाऱ्यालाही नाकारता आलं नाही. म्हणून तो म्हणाला, वरून तसं दिसतं, आतून हा कसाब. चांगुलपणा दिसतोच आहे, तर तो खोटा ठरवा.

पेशवाईत १७८२ साली महानुभावांविरुद्ध हुकूम निघाला. त्यांचा उपदेश कुणी ऐकू नये, ऐकेल तो जातीबाहेर, असा त्याचा आशय. पंथानं आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या होत्या. त्याचाही उलटा पुरावा झाला. लपवतात त्या अर्थी काळंबेरं आहे! त्या पोथ्या उलगडून छापल्या जायला विसावं शतक उजाडलं. तोवर ऐकीव गोष्टींचंच राज्य. एक गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या जातींच्या पुस्तकांतही शिरली. पंथाचा संस्थापक म्हणे कृष्णभट नावाचा ब्राह्मण होता आणि मांग बाई ठेवली म्हणून त्याला वाळीत टाकलं होतं. बदनामी करायची तर शेवटी आमचीच बाई लागते! मांगाचा संबंध जोडला की पुढं काही सिद्ध करावं लागत नाही.

ह्याचा अर्थ महानुभावांनी जात गाडून टाकली असा नाही. पुढचे बरेच शिष्य ब्राह्मणच होते, आणि गावगाड्यातली जात होती तिथंच राहिली. आपल्याला त्यांची आरती ओवाळायची नाही. शब्दाचं काय झालं तेवढं समजून घ्यायचं आहे. ज्यांनी विरोध केला त्यांचं नावच खोटेपणाचं नाव झालं. पुढच्या पिढीला वाद करायची गरज उरली नाही. शब्द तोंडात आला की निकाल लागलेलाच असतो.

आता आपल्याकडं या. चामड्याचा जोडा बेतणारा माणूस बारकाईनं विचारपूस करणारच, पण 'चांभारचौकशी' म्हंजे नसती उठाठेव. १९५६ साली आपण बौद्ध झालो. ऑफिसात, चाळीत 'ते जयभीमवाले' असं ओठ मुडपून म्हणणारे तुम्हालाही भेटले असतील. शिकला सवरला, नीट कपडे घातले, तर म्हणायचे, वरून साहेब झाला, आतून तोच. मानभावाला लावलेलाच हा जुना माप. उद्या 'जयभीमवाला' कोशात कुठल्या अर्थानं बसेल, हे आपण आज काय बोलतो, काय लिहितो आणि काय ऐकून घेतो त्यावर ठरणार आहे.

म्हणून एवढंच करा. हँडबिल लिहिताना, भाषण ठोकताना ढोंग्याला सरळ ढोंगी म्हणा, भोंदूला भोंदू म्हणा. आपल्या भाषेत त्यासाठी शब्द भरपूर आहेत. बेलापुरावरून ज्यांना जावं लागलं त्यांच्या नावाची शिवी आपल्या तोंडात नको. त्या सभेतल्या पोराला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''मग पाखंडी पण नको ना, दादा?''

नको.