पद्मिनी, उस्ताद आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण सिग्नलला थांबली की थरथरायची. गाडी २०२१ची, वॉरंटी नुकतीच संपलेली. मी ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. काचेच्या पलीकडे एका मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला संगणक जोडला. ‘पी०१७१’ असा कोड आला. ऑक्सिजन सेन्सर गेलाय, असं मला सांगण्यात आलं. सेन्सर बदलला, अकरा हजारांचं बिल झालं. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. आता फ्युएल पंप बघावा लागेल, असा निरोप आला.

मग मी सोलापुरातल्या आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या धाकट्या मुलाने आपला छोटा स्कॅनर लावला, तोच कोड आला. उस्तादांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि डोळे मिटून कान दिला. “पहले सुनो बेटा, फिर खोलो,” एवढंच ते मुलाला म्हणाले. दोन मिनिटांत एका रबरी पाइपची चीर सापडली. पाइप बदलला, दिवा गेला. सगळे मिळून पाचशे रुपयेही लागले नाहीत.

पी०१७१चा अर्थ एवढाच, की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. ती का जातेय, हे कोड सांगत नाही. आमच्या गाडीत हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे ती चीर होती, त्यामुळे न मोजलेली हवा आत शिरत होती. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरी साक्ष देत होता. सर्व्हिस सेंटरने साक्षीदारच बदलला.

हा प्रसंग तक्रार म्हणून सांगत नाही. गाडी दुरुस्त करण्याचं ज्ञान कुणाकडे होतं, ते कुठे गेलं आणि आता कुणाच्या ताब्यात आहे, हा इतिहास मला त्यानिमित्ताने तपासावासा वाटला. आपल्या समाजाचा त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे.

कुर्ल्याची गाडी

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० हे मॉडेल पुढे थोडंफार बदलत राहिलं आणि सत्तरच्या दशकात त्याचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. चितोडच्या ज्या राणीवरून हे नाव आलं, ती आपल्याला सर्वांत आधी भेटते ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या १५४० सालच्या ‘पद्मावत’मध्ये. लोकांनी मात्र गाडीला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटलं.

त्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबापुढे दोनच मुख्य पर्याय होते. एक ही फियाट, दुसरी बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनणारी, ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबेसिडर. परवाना राजमुळे उत्पादन मर्यादित होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. नवी गाडी सहज मिळत नाही म्हटल्यावर जुनी टिकवणं भागच होतं. म्हणून गाडी बनवणाऱ्यापेक्षा गाडी टिकवणारा माणूस महत्त्वाचा ठरला.

अब्बांनी १९८८ साली सेकंडहँड पद्मिनी घेतली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तिची पुस्तिका अजून आमच्या कपाटात आहे. त्यात पॉइंटची फट किती ठेवायची, टॅपेट कसे सेट करायचे, कुठल्या निपलला ग्रीस भरायचं, हे सगळं मालकासाठी लिहिलेलं आहे. अब्बा शाळेत उर्दू शिकवायचे, यंत्राशी त्यांचा संबंध शून्य. तरीही रविवारी सकाळी ते प्लग काढून काळा पडलाय की तांबूस आहे, हे बघायचे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, रेडिएटरचं पाणी तपासायचे. कुर्ल्याच्या मामूंकडून परतताना खंडाळ्याचा घाट चढायचा, तेव्हा इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची पाइपमध्येच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग अम्मी पाण्याची बाटली द्यायची, अब्बा फडकं भिजवून पेट्रोल पंपावर ठेवायचे आणि आम्ही मुलं दगडावर बसून डबा खायचो. अर्ध्या तासाने गाडी चालू व्हायची. गाडी काय करतेय आणि का करतेय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं.

गॅरेज नावाचा मदरसा

अब्बांना येत नव्हतं, ते उस्तादांना येत होतं. कार्ब्युरेटर खोलणं, इंजिन बोअर करून घेणं, किंगपिन बदलणं. बेअरिंगचा आवाज ऐकायला ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचे, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. मूळ पार्ट मिळाला नाही, तर लेथवर करून घ्यायचे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, पुण्यात नाना पेठेतून पार्ट यायचे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात गॅरेजच्या ओळीत गेलात, की मिस्त्री, डेंटर, पेंटर, वायरमन, सीटमेकर यांत मुसलमान नावं मोठ्या संख्येने सापडतात. हा केवळ आपला समज नाही. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मोटार दुरुस्ती, जमिनीवरची वाहतूक, किरकोळ व्यापार, कापडउद्योग अशा क्षेत्रांत मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं. त्याच अहवालाने नियमित पगाराच्या, विशेषतः सरकारी नोकऱ्यांत ते किती कमी आहेत, हेही दाखवलं. या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. नोकरीचं दार अरुंद होतं, म्हणून हातातलं हुन्नर हाच आधार झाला. सनद नको, शिफारस नको. गाडी चालू झाली की तीच डिग्री.

पण या परंपरेला सोन्याचा मुलामा देणं मला पटत नाही. आमचे उस्ताद दहाव्या वर्षी गॅरेजमध्ये आले, साधारण १९६३च्या सुमारास. पहिली दोन वर्षं चहा आणणं, पाने पुसणं आणि रॉकेलमध्ये पार्ट धुणं. पगार नाही, चूक झाली की पाना पाठीत. “मारके सिखाया, लेकिन सिखाया,” असं ते हसत सांगतात. मला ते हसू येत नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या किती मुलांची शाळा कायमची सुटली, हे कुणी मोजलं नाही. बालमजुरीच्या १९८६च्या कायद्यात पुढे मोटार गॅरेजं मुलांसाठी बंदी असलेल्या कामांच्या यादीत आली आणि २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ सगळ्याच कामांवर बंदी झाली. ‘छोटू’ मात्र अजूनही दिसतो. या अर्धवट शिक्षणाची किंमत पुढच्या टप्प्यावर सगळ्या धंद्याला मोजावी लागली.

संगणक गाडीत आला

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते मारुती ८००ची पहिली किल्ली दिली गेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि ताकद पुढच्या चाकांना. मिस्त्रींना ते जपानी खेळणं वाटलं होतं. ते बंदच पडत नाही, हे लवकरच कळलं. तरी कार्ब्युरेटर होता, पॉइंट होते, हात घालायला जागा होती. उस्ताद सहा महिन्यांत मारुती शिकले.

खरा बदल हवेमुळे आला. महानगरांत धुराने श्वास घेणं कठीण झालं होतं. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिसं त्या कन्व्हर्टरला निकामी करतं. २०००पर्यंत शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं. कन्व्हर्टर नीट चालायचा, तर पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावं लागतं. चढ, उतार, थंडी, ऊन यांत कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून इंजेक्शन आलं, सेन्सर आले आणि त्यांचं ऐकून सेकंदाला अनेकदा हिशेब करणारा ईसीयू नावाचा संगणक आला. पुढे भारत स्टेजचे टप्पे कडक होत गेले. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ देशभर लागू झाला.

हा बदल चांगल्यासाठीच होता. पद्मिनीच्या धुराची आठवण काढून हळवं होण्यात अर्थ नाही, तो धूर उस्तादांच्याच फुफ्फुसात गेला आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले. तिला चालती ठेवणाऱ्या हातांवर त्यात फारसं काही नव्हतं.

कुलूप कुणी लावलं?

गाडीत संगणक आला, हे समजू शकतं. त्या संगणकाशी बोलण्याची भाषा मात्र कंपनीने आपल्याकडे ठेवली. साधे कोड स्वस्त स्कॅनर वाचतो. पण नवा पार्ट गाडीला ‘ओळख’ करून देणं, किल्ली प्रोग्रॅम करणं, वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीची तांत्रिक पुस्तकं ही बऱ्याचदा अधिकृत केंद्रांपुरतीच राहिली. मूळ सुटे भागही खुल्या बाजारात मिळेनासे झाले. अब्बांच्या पुस्तिकेत जिथे टॅपेटची फट लिहिली होती, तिथे माझ्या गाडीच्या पुस्तिकेत अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा, असं लिहिलेलं आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला याच मुद्द्यावर १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, असा आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही बजावलं. कंपन्या वरच्या दारी गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारगाड्याही आहेत. उस्तादांच्या गल्लीत यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांच्यापर्यंत तो निकाल कुठल्याही भाषेत पोचला नाही. आपल्या जमाती, अंजुमनी, मोहल्ला कमिट्या यांनीही तो पोचवला नाही.

अल-जझरी आणि आपली गल्ली

आपल्या जलशांत अल-जझरीचं नाव हमखास निघतं. त्याने १२०६ साली यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसणाऱ्या त्याच्या पंपात भुजा आणि दट्ट्यांची जोडणी आहे, हे खरं आहे. गाडीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट त्याच तत्त्वाचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. पण वक्ते एक गोष्ट विसरतात. अल-जझरी कारागीर होता आणि त्याने आपलं हुन्नर लिहून ठेवलं. मापं दिली, आकृत्या काढल्या, दुसऱ्याला बनवता यावं असं लिहिलं. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अभिमान आणि शेजारच्या गॅरेजवाल्याच्या मुलीचं स्थळ ‘मिस्त्री घराणं’ म्हणून नाकारणं, हे दोन्ही एकाच घरात चालतं. मी ते पाहिलं आहे.

उस्तादांनी काहीच लिहून ठेवलं नाही, कारण लिहिण्याआधीच त्यांची शाळा सुटली होती. धाकट्या मुलाला मात्र त्यांनी दहावी करून आयटीआयला पाठवलं. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स. कोड मुलगा वाचतो, चीर बापाला ऐकू येते. माझी गाडी दोघांनी मिळून दुरुस्त केली. आता विजेच्या गाड्या येताहेत. त्यांत न प्लग, न इंजिन ऑइल. आहे ती शेकडो व्होल्टची बॅटरी. तिथे अंदाजाने हात घातला तर जीव जाईल. ते शिक्षण या गल्लीत आलं नाही, तर पुढच्या वीस वर्षांत गॅरेजची ही ओळ बंद होईल आणि तिथल्या मुलांना काचेपलीकडे फक्त गाड्या धुण्याचं काम उरेल.

मालक म्हणून आपल्यालाही काही करता येतं. डिपस्टिकवर ऑइल बघणं, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी तपासणं, दाराच्या चौकटीवर लिहिलेला टायरचा दाब पाळणं, हे आजही आपल्याच हातात आहे. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, लवकर तपासून घ्या. लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, सिलिंडर मिसफायर होतोय आणि कन्व्हर्टर जळू शकतो. कोड कोणता आला, हे विचारा, लिहून घ्या. पार्ट बदलण्याआधी ‘कशावरून?’ असं विचारा. जुना पार्ट परत मागा.

त्या दिवशी निघताना मी उस्तादांना म्हणालो, “तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. आवाज कसा ओळखायचा, तिथपासून.” ते आधी लाजले. मग मुलाला म्हणाले, “कॉपी ला रे.” तीन रविवार झालेत. आम्ही अजून पद्मिनीच्या कार्ब्युरेटरवरच आहोत.