पहारेकऱ्याच्या चौकीवरच चोरी

मंडळी, आजची गोष्ट सुरू होते प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर. तिथले चामोरो लोक सायकसच्या बियांचं पीठ करून खात. बी विषारी, म्हणून आधी कित्येक दिवस पाणी बदलत भिजत घालायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मज्जासंस्थेचा एक विचित्र आजार फार आढळला आणि संशय या पिठावर गेला. मग ते उंदरांना चारलं. मेंदूचं कोडं राहिलं बाजूला, १९६३ साली लाकूर आणि सहकाऱ्यांनी छापलं भलतंच: उंदरांच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि आतड्यात गाठी!

पुढची गंमत बघा. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना सायकसमधलं सायकासिन दिलं, तर गाठी झाल्याच नाहीत (१९६४). म्हणजे आतड्यातले जिवाणू सायकासिनमधली साखर तोडतात आणि मगच विष मोकळं होतं. १९६७ मध्ये जर्मनीत ड्रुक्रे यांनी डायमिथाइलहायड्राझिन वापरलं. त्याचं शरीरात शेवटी तेच विष बनतं. गाठी बहुतेक आतड्यातच. झालं, प्रयोगशाळांना हवा तसा उंदीर मिळाला.

आता प्रश्न आला, गाठ नेमकी कुठे उगवते? आतड्याच्या अस्तराखाली लसिका पेशींचे पुंजके असतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या चौक्याच. १९८४ मध्ये नॉस आणि सहकाऱ्यांनी गाठींच्या जागा या पुंजक्यांशी ताडून पाहिल्या, आणि बऱ्याच गाठी चौकीला लागूनच निघाल्या. कुंपणच शेत खातं की काय?

माझ्या धंद्यात प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळतो, तीच ओळ दोषी असते असं नाही. इथेही तसंच. १९९४ मध्ये हार्डमन आणि कॅमेरॉन यांना दिसलं की विष दिलेल्या उंदरांत पुंजक्यावरच्या ग्रंथींमध्ये पेशी जास्त वाढलेल्या असतात आणि कर्करोगाचा धोकाही तिथेच जास्त. पेशी जितक्या भराभर दुभंगतात, तितकी डीएनएतली चूक दुरुस्त व्हायच्या आत पुढे जाते. म्हणजे पहारेकरी चोर असेलच असं नाही. चौकीपाशी वर्दळ जास्त, एवढंही कारण पुरतं.

माणसात अशी चौकीवर बसलेली गाठ क्वचितच सापडते. तेव्हा उंदराचा नकाशा जसाच्या तसा आपल्या पोटावर चिकटवायची घाई नको. पण गाठ कुठे उगवते हे कोणीतरी चिकाटीने मोजलं, म्हणून निदान 'का' विचारायची सोय झाली.