वसाहतवादी स्त्रीवाद

मुस्लिम स्त्रियांच्या मुक्तीचे कारण पुढे करून परकीय सत्तेचे वा युद्धाचे समर्थन करणारी भूमिका. अभ्यासक लैला अहमद यांनी १९९२ च्या ग्रंथात तिची चिकित्सा केली. इजिप्तमधील ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड क्रोमर (कार्यकाल १८८३–१९०७) यांनी पडदापद्धतीवर टीका केली. पण त्यांनीच सरकारी शाळांचे शुल्क वाढवले आणि मायदेशी स्त्री-मताधिकारविरोधी संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी अफगाण युद्धाची सांगड स्त्रीहक्कांशी घातली. मात्र १९८० च्या दशकात अमेरिकेनेच कट्टर मुजाहिदीन गटांना शस्त्रे पुरवली होती.

हेतू काहीही असो, २००१ नंतर अफगाण मुली मोठ्या संख्येने शाळेत गेल्या, असा आक्षेप या चिकित्सेवर घेतला जातो. हा लाभ खराच. पण तो परराष्ट्रधोरणाच्या सोयीवर अवलंबून राहिला. अमेरिका-तालिबान दोहा करारात (२०२०) स्त्रीहक्कांचा उल्लेखही नाही; २०२१ मध्ये तालिबान परतताच मुलींच्या माध्यमिक शिक्षणावर बंदी आली. वसाहतवादी स्त्रीवादावरील टीका स्थानिक पितृसत्तेला पाठीशी घालते, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. काबूलमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या ‘रावा’ या स्त्रीसंघटनेने तालिबान आणि अमेरिकी बॉम्बहल्ले या दोहोंना विरोध केला. म्हणून स्त्रीहक्कांच्या दाव्याची कसोटी त्या-त्या देशातील स्त्रियांच्या मागण्यांवरच लावणे योग्य ठरते.