पत्री

बैलांना पत्र्या मारायला माणूस आला की आबा घरात थांबत नसत. अंगणात बैल दोरखंडानं पाडायचा, चारी पाय एकत्र आवळायचे, एकानं मानेवर भार टाकून बसायचं आणि मग खुरांना पत्र्या ठोकायच्या. आम्हा पोरांना तो तमाशाच. आबा मात्र टॉवेल खांद्यावर टाकून मळ्याची वाट धरत आणि दिवेलागणीलाच परतत. पुढं केव्हातरी, मी दहावीत असताना, आजी चुलीपुढं बसल्या बसल्या बोलून गेली, "माणसाला पत्री मारल्याली हाय त्येनी. बैलाचं कसं बघवंल?"

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आज सांगली जिल्हा, तेव्हाचा सातारा. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुढारी गजाआड गेले आणि इथली माणसं झेंडे घेऊन कचेऱ्यांवर चालून जाऊ लागली. 24 ऑगस्टला कराड, 3 सप्टेंबरला तासगाव. तासगावला तर मामलेदारानंच गांधी टोपी घातल्याचं आबा हसून हसून सांगत. 9 तारखेला वडूजला मात्र गोळीबार झाला. परशुराम घार्गे धरून नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. तिथं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या पडले. त्या मोर्चात आबा होते, वय बावीस.

"आमच्या हातात काय हुतं? झेंडा. त्यास्नी सोप्पं गेलं."

इस्लामपूर सांगताना आबांचं वाक्य इथंच तुटे. पुढचं सांगायला त्यांना 1943 साल लागे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं ते घरातल्या माणसांसारखी घेत. कुंडल औंध संस्थानात, त्यामुळं ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसांना तिथं सरळ घुसता येत नसे. तिथं त्यांच्या प्रतिसरकारचं दल, तुफान सेना, उभं राहिलं. इंग्रजी सत्तेला समांतर चालणाऱ्या या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, कमी खर्चाची गांधी लग्नं लावली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. जवळ कोयते आणि काठ्या. पुढच्या एप्रिलात थेट धुळ्याकडं जाऊन चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. या लुटींबद्दल आबांच्या मनात कसलीही खळखळ नव्हती. शेणोलीच्या धाडीतले कॅप्टन भाऊ लाड तर थेट शंभरीला टेकेपर्यंत सांगत राहिले की ती लूट नव्हतीच, आपलाच चोरलेला पैसा परत आणला. मलाही ते पटतं. घरच्या कणगीतलं धान्य उचलून नेलं असेल, तर ते परत आणताना दार मोडल्याचा हिशेब कुणी मागू नये.

प्रतिसरकारचं लोकांनी पत्री सरकार केलं ते शिक्षेवरून. सावकार, गुंड, पोलिसांचे खबरे यांना रात्री उचलायचं, पाय बांधायचे आणि तळव्यांवर काठीनं मारायचं. खिळे ठोकत असं लोक अजून रंगवून सांगतात. आबांनी खिळा कधी पाहिला नव्हता. "काठीच बास व्हायची," ते म्हणाले.

आमच्या गावात ज्याला मारलं तो गावाबाहेरच्या वस्तीतला. चार गुंठे जमीन, बाकी दुसऱ्याच्या बांधावर राबणं. त्याचा गुन्हा एवढाच दिसला होता की फौजदार त्याच्या दारात बसून पाणी प्यायला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या भावकीतला एक भूमिगत पोरगा पकडला गेला. ज्वारीच्या रानात निवाडा झाला. साक्षीदार तेच, न्यायाधीश तेच, शिपाई तेच. आबांच्या वाट्याला आलं उरावर बसून पाय धरणं.

आजीचा प्रश्न याच्यापुढचा होता आणि तो ती आबांच्या तोंडावर विचारी. "फौजदार पाटलाच्या वाड्यात ज्येवला हुता. पाटलाचं पाय का न्हाई बांधलं?" आबा पानाला चुना लावत राहत. पाटलांना पत्री बसलीच नाही असं नाही, इतर गावांत बसली. आमच्या गावात बसली नाही, इतकं खरं.

गंमत अशी की त्याच वर्षांत आबांचे धाकटे बंधू मराठा पलटणीत होते, इटलीत. 1944 च्या जुलैत मराठा पलटणीतल्याच यशवंत घाडगे यांनी तिथं एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली, तिथंच ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. धाकट्या आबांनीही किती माणसं मारली याचा आकडा नव्हता. ज्यांना मारलं त्यांच्याशी त्यांचं बांधाचं भांडणसुद्धा नव्हतं. त्यांना पेन्शन आली, पोस्टमननं दारात आणून दिली, गावानं मान दिला. बैलाला पत्र्या मारताना ते स्वतः कासरा धरत. दोघे भाऊ एका ताटात जेवत, पण त्या वर्षांबद्दल एकमेकांना काही विचारत नसत.

माझे वडील शाळामास्तर. त्यांना हे सगळं गीतेत बसवायची फार हौस. 1897 मध्ये टिळकांनी शिवाजी उत्सवात अफझलखानाच्या वधाचा प्रश्न घेतला होता. फळाची आशा न धरता, स्वार्थ न ठेवता मारलं तर दोष लागत नाही, असा त्यांचा रोख. 'केसरी'त ते 15 जूनला छापून आलं, 22 जूनला चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली आणि टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वडील हा सगळा इतिहास ओसरीवर उलगडत आणि शेवटी म्हणत, "आबा, तुम्ही निष्काम होता. तुम्हाला त्यातून काय मिळालं?"

एकदा आबांनी सुपारी कातरायची थांबवली.

"मास्तर, तुमचा अर्जुन रथात हुता. मी त्येच्या उरावर बसलो हुतो. त्यो वरडाय लागला तवा मला बरं वाटलं. इस्लामपूरपासनं पयल्यांदा बरं वाटलं. ह्ये कुठल्या अध्यायात बसतंय त्येवढं बघा."

वडिलांनी तो विषय परत काढला नाही. मी मात्र तिथंच अडकून राहिलो. बंडाचं समर्थन करताना आपण कारणं मोजतो. वडूज मोजतो, इस्लामपूर मोजतो, आणि ती मोजलीच पाहिजेत. निःशस्त्र माणसांवर गोळ्या घालणाऱ्या सत्तेला कायद्याची भाषा करायचा हक्क उरत नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या हिशेबात आबांचं ते बरं वाटणं कुठं लिहायचं, हे मला सापडलेलं नाही. लिहिलं नाही तर हिशेब खोटा ठरतो. लिहिलं तर गाव चिडतं, हे दोनदा अनुभवलं आहे.

1944 च्या मे महिन्यात गांधीजी सुटले आणि त्यांनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं. साताऱ्यातले बरेच जण झाले नाहीत. आबाही नाही. घरात गांधीजींचा फोटो होता, रोज फूल वाहिलं जाई. "म्हातारा खरं बोलत हुता. पर आमास्नी त्ये परवडत न्हवतं," असं ते म्हणत. नाना पाटील स्वतः 1946 मध्ये उघडपणे लोकांसमोर आले, तेव्हा आबाही आले.

पुढं स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या अर्जाची वेळ आली. वडिलांनी सुंदर अक्षरात सगळं लिहिलं: मोर्चा, भूमिगत काळ, निरोप पोहोचवणं, हत्यारं लपवणं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये एक ऱ्हायलं." वडील म्हणाले, ते लिहायचं नसतं. अर्ज तसाच गेला, मंजूरही झाला.

आबा दरवर्षी सुगी झाली की अर्धं पोतं शाळू बैलगाडीत टाकून वस्तीवर जात. आत बोलावणं कधी आलं नाही. ते दाराशी ठेवून परत येत. काही दिवसांनी रिकामं पोतं धुऊन, घडी घालून आमच्या कट्ट्यावर ठेवलेलं सापडे. त्या घरातून कोण आणून ठेवी ते आम्ही कधी पाहिलं नाही.

त्या माणसाचा नातू आता इस्लामपुरात टेम्पो चालवतो. मागच्या वर्षी लग्नात शेजारी बसलो. मी खबरीचं विचारणार होतो, जीभ वळली नाही. शाळूचं मात्र विचारलं, घरात कुणाला आठवतं का म्हणून.

"म्हातारा सांगायचा की," तो ताटातलं निवडत म्हणाला. "धरायला चौघं हुती. पोतं घिऊन येकच यायचा."