कित्ता आणि प्रत

याच शाळेत गुरुजींनी पाटीवर काढून दिलेले अक्षर मी गिरवी, तेव्हा रेघ नेहमी मुळाहून जाड होई. यंत्रांच्या इतिहासातही हाच अनुभव आढळतो.

जेम्स वॅट याने उतारवयात, 1819 साली निधन होईपर्यंत, बर्मिंगहॅमजवळील आपल्या कार्यशाळेत शिल्पांच्या प्रती काढणारे यंत्र रचिले. त्याचे एक टोक मूळ शिल्पावरून फिरे. त्याला जोडलेले हत्यार शेजारी तोच आकार कोरी. 1952 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र दाखविले गेले. 1972 मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्डच्या इंजिनातील नळ्या मोजण्यासाठी स्पर्शाने संकेत देणारा प्रोब शोधला. असा प्रोब वस्तूला ठिकठिकाणी शिवतो. त्या बिंदूंच्या आकड्यांवरून सीएनसी यंत्र प्रत कोरते.

प्रोबच्या टोकाशी बहुधा माणकाची बारीक गोळी असते. नोंद होते ती गोळीच्या केंद्राची. तिची त्रिज्या वजा केली नाही, तर प्रत फुगते. जेथे गोळी पोचत नाही, ती खाच प्रतीत उतरतच नाही.

गुरुजींचे चरित्र सांगताना आपणही आपली जाडी वजा करावी, आणि जेथे आपला स्पर्श पोचला नाही, तेथे कल्पनेने भर घालू नये. हीच त्यांना खरी आदरांजली होय.