मुष्टियोद्ध्याचा ठोसा

माणसाच्या हातात २७ हाडे असतात आणि त्यांतील बहुतेक लहान व नाजूक असतात. उघड्या मुठीने दुसऱ्याच्या कपाळावर सर्व बळाने प्रहार केला, तर पुष्कळदा प्रहार करणाराचाच हात मोडतो. अठराव्या शतकातील इंग्रज मुष्टियोद्ध्यांना ही मर्यादा पाळावीच लागे. तरीही १७४१ साली जॅक ब्रॉटनशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन त्या मारामुळे दगावला. १७४३ मध्ये ब्रॉटनने नियम बांधले, खाली पडलेल्यास मारण्याची बंदी केली आणि सरावासाठी गादीदार हातमोजे प्रचारात आणले. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हे मोजे सामन्यातही आणले.

मोज्यांमुळे हा खेळ दयाळू झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. चेहरा कमी फाटू लागला हे खरे. परंतु मूठ सुरक्षित झाली आणि मस्तकावर मुक्तपणे मारा करता येऊ लागला.

कसलेल्या योद्ध्याचा ठोसा हे केवळ दंडाचे काम नव्हे. तो मागच्या पायाच्या टाचेखालून निघतो, कमरेच्या वळणाने वेग घेतो आणि खांद्यावाटे मुठीत उतरतो. १९८५ साली इंग्लंडात फ्रँक ब्रूनो या वजनदार गटातील योद्ध्याचा ठोसा उपकरणांनी मोजण्यात आला. मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर भरला. लक्ष्यावरील जोर सुमारे ०.४ टन होता. असा आघात हनुवटीवर बसला की डोके गर्रकन फिरते, आतला मेंदू मात्र क्षणभर मागे राहतो, आणि त्या ओढीत बारीक रक्तवाहिन्या तुटू शकतात. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्यांची बोबडी वळते, पाय अडखळतात. या विकाराचे वर्णन डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केले होते.

२४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क येथे क्यूबाचा बेनी पॅरेट बाराव्या फेरीत कोपऱ्यात सापडला. दोरांना टेकल्यामुळे तो खाली पडेना, आणि एमिल ग्रिफिथचे ठोसे थांबेनात. पंचाने लढत थांबविली तेव्हा उशीर झाला होता. ३ एप्रिल रोजी पॅरेट मरण पावला. जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वीच जीन फुलमरने त्याला बेशुद्ध पाडले होते. त्याला पुन्हा रिंगणात उतरू दिले कोणी, हा प्रश्न ग्रिफिथच्या मुठीपेक्षा अधिक गंभीर होय. १९८२ साली कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीनंतर असाच दगावला, आणि मग जागतिक अजिंक्यपदाच्या लढती हळूहळू पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यात आल्या. पॅरेट मात्र बाराव्या फेरीतच कोसळला होता.